धुतलेला चष्मा पाच मिनिटांत पुन्हा धुरकट? आधी हे तपासा

ठाण्याच्या नौपाड्यात चष्म्याच्या काउंटरवर उभं राहून मला १६ वर्षं झाली. इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य असं: "अहो, एवढे पैसे मोजले आणि भिंग बघा कसं ढगाळ दिसतंय. शंभरदा पुसलं!" यातलं ‘शंभरदा पुसलं’ ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. पुष्कळदा दुखणं तिथूनच सुरू झालेलं असतं.

गंमत म्हणजे ही तक्रार स्वस्तातल्या चष्म्यापेक्षा महागाच्या चष्म्याची जास्त असते. गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्याला गंडवलं. त्याचं खरं कारण अँटी-ग्लेअर कोटिंगमध्ये आहे. साध्या प्लॅस्टिकच्या भिंगाच्या दोन्ही बाजूंवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फिरतो. अँटी-ग्लेअर तो एखाद्या टक्क्यावर आणतं. भिंगावर सिलिकॉन, टायटॅनियम, झिर्कोनियम अशांच्या ऑक्साइडचे एकावर एक थर दिलेले असतात. ते इतके मोजून पातळ असतात की वेगवेगळ्या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या लाटा एकमेकींना खोडून काढतात. त्यावर बोटाचा तेलकट ठसा उमटला की तेवढ्या जागेपुरतं हे मोजमाप बिघडतं आणि तिथून प्रकाश पुन्हा परतायला लागतो. पांढऱ्याशुभ्र लेंग्यावर आमटीचा थेंब पडावा तसा तो डाग उठून दिसतो. बिनकोटिंगच्या भिंगावरही डाग असतोच, फक्त आजूबाजूचं सगळंच चकाकत असल्यामुळे तो लपून जातो.

म्हणजे चांगलं भिंग जरा जास्त मळकं दिसणारच. पण धुऊन पाच मिनिटांत पुन्हा तसंच होत असेल, तर मात्र काहीतरी चुकतंय.

मळ आहे की घाव?

चष्मा काढा आणि ट्यूबलाइटखाली तिरका धरा. भिंगात ट्यूबचं प्रतिबिंब दिसेल, बहुतेक हिरवट किंवा निळसर-जांभळं. ते सगळीकडे सारखं असेल तर कोटिंग धडधाकट आहे. मधे पांढुरके, तेलाच्या तवंगासारखे पट्टे दिसले तर तो मळ. आणि उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या तळाला भेगा पडतात तसं बारीक जाळं दिसलं, तर कोटिंगच तडकलंय.

अजून खात्री वाटत नसेल तर भिंग नळाखाली धरा. ओलं असताना धुरकटपणा गायब झाला आणि वाळल्यावर त्याच जागी, त्याच आकारात परत आला, तर तिथे ओरखडे किंवा तडे आहेत. पाणी त्या खाचांत भरतं म्हणून तेवढ्यापुरते ते दिसत नाहीत. दर वेळी जागा बदलत असेल तर मळ आहे आणि तो जाणार. घाव मात्र कुठल्याही साबणाने जात नाही. या एका परीक्षेने अर्धं काम होतं, आणि नेमकी हीच कुणी करत नाही.

काकूंचं फडकं

पाचपाखाडीच्या एक काकू एका महिन्यात चार वेळा आल्या. प्रोग्रेसिव्ह भिंगं, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच भिंगात, चांगली महागातली. दर वेळी मी दुकानात धुऊन द्यायचो आणि भिंगं लख्ख व्हायची. दोन दिवसांनी काकू हजर. "तुमच्याकडे चमकतात, घरी नेली की मेली रुसतात." चौथ्या वेळी मी म्हटलं, "काकू, तुमचं फडकं दाखवा बघू."

पर्समधून त्यांनी छान चौकोनी घडी घातलेलं पिवळं मायक्रोफायबरचं फडकं काढलं. दुकानभर मोगऱ्याचा वास सुटला. "दर रविवारी मशीनला लावते हो. शेवटच्या पाण्यात ते कपडे मऊ करायचं लिक्विड असतं ना, त्यातून काढते."

मी काउंटरवरचं एक कोरं भिंग घेतलं, त्या फडक्याने एकदाच पुसलं आणि दिव्याखाली धरलं. गोगलगाय चालून गेल्यासारखा चकचकीत पट्टा उमटला होता. काकूंनी तो बघितला, मग फडक्याकडे बघितलं. "म्हणजे इतके दिवस मीच तेल चोपडत होते?"

तेल नव्हे, पण जातकुळी तीच. हे लिक्विड धाग्यांवर मेणचट लेप बसवतं, म्हणून तर टॉवेल मऊ लागतो. मायक्रोफायबरचे धागे पॉलिस्टर आणि नायलॉनचे, केसापेक्षा कितीतरी बारीक. त्यांच्या मधल्या फटींत तेल आणि मळ खेचला जातो. फटी लेपाने बुजल्या की फडकं काही उचलत तर नाहीच, उलट स्वतःचाच लेप भिंगावर सोडतं.

फडकं हाताने धुवा. भांड्यांच्या साध्या लिक्विडचे दोन थेंब पुरे. फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा आणि घरातच सावलीत वाळवा. टॉवेल आणि सुती कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकलं तर त्यांचे तंतू चिकटतात. इस्त्री केली तर धागे वितळून टोकं टणक होतात. एकाऐवजी तीन-चार फडकी ठेवा आणि दर दोन-तीन दिवसांनी बदला. पर्समध्ये सुट्या पैशांच्या सोबतीला पडलेलं फडकं हे फडकं राहत नाही, त्याचा पॉलिश पेपर झालेला असतो.

माझं स्वतःचं फजितीपुराण

आता माझी गोष्ट. सात वर्षांपूर्वी मी घोडबंदर रोडला राहायला गेलो. दुसऱ्यांना चष्मा कसा धुवायचा ते शिकवणारा मी, माझ्याच भिंगावर रोज सकाळी पांढरे ठिपके. साबण बदलला, फडकं बदललं. वैतागून भिंगंही बदलली, तरी ठिपके तसेच. दिवाळीला नेरूळला बहिणीकडे चार दिवस राहिलो तर एक ठिपका नाही. साबण मी इथूनच नेला होता.

फरक पाण्याचा होता. नेरूळच्या नळाला मोरबे धरणाचं पाणी, म्हणजे साठवलेलं पावसाचं, मऊ पाणी. आमच्या सोसायटीत तेव्हा अर्धं पाणी टँकरचं, ते बोअरवेलचं आणि जड. त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार थेंब वाळला की मागे राहतात. गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर जो पांढरा थर बसतो तोच. भिंगावर तो बसला आणि वरून कोरडं पुसलं की ओरखडे आलेच.

यावर उपाय इतका सोपा की सांगायला लाज वाटते. नळाच्या पाण्याने धुऊन झालं की शेवटी अर्धा पेला आरओचं पाणी भिंगांवरून सोडायचं. साध्या फिल्टरने हे क्षार जात नाहीत. आणि थेंब आपोआप वाळू द्यायचे नाहीत, लगेच टिपून घ्यायचे. ठिपके आधीच बसले असतील तर आरओच्या पाण्यात भिजवलेलं साबणाचं फडकं पाच मिनिटं भिंगावर नुसतं ठेवा, मग धुवा. व्हिनेगर किंवा लिंबू लावायचा मोह होईल, कारण नळ त्याने साफ होतो. भिंगावर लावू नका. कोटिंगला आम्ल मानवत नाही.

मी कसा धुतो

आधी हात. हाताला क्रीम किंवा खोबरेल असेल तर पुढचं सगळं फुकट. मग चष्मा वाहत्या पाण्याखाली, साबण नंतर. आधी पाणी कशाला, तर भिंगावर बसलेली धूळ म्हणजे बऱ्याच अंशी वाळूच. मेट्रो ४ चं काम निघाल्यापासून कापूरबावडी ते कासारवडवली रोज ये-जा करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. वाळूतल्या क्वार्ट्झची कठीणता मोहस मापावर ७, काचेची साधारण साडेपाच आणि भिंगाचं प्लॅस्टिक त्याहून बरंच मऊ. शर्टाच्या टोकाने, ओढणीने किंवा पदराने कोरडं पुसलं की ही वाळू आपण स्वतःच्या हाताने भिंगावर घासत असतो. "पण मी हळूच पुसतो" असं सांगणारे खूप भेटतात. हळू पुसलं म्हणून वाळू मऊ होत नाही.

पाणी साधं, गार. गिझरचं नको, त्यावर पुढे बोलतो.

मग बोटाच्या टोकावर भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. पारदर्शक, साधं, हात मऊ ठेवण्याचा दावा न करणारं आणि जमलं तर बिनलिंबाचं. अंगाचा साबण आणि हँडवॉश यांत त्वचेसाठी तेलकट द्रव्यं घातलेली असतात आणि तीच भिंगावर धूसर पडदा बनून बसतात. हे धुरकटपणाचं दुसरं मोठं कारण. बोटांच्या पेरांनी भिंग दोन्ही बाजूंनी चोळा, नखं लावू नका.

आता खरी गोम. भिंग फ्रेममध्ये जिथे बसतं त्या खाचेत महिनोन्महिने घाम, पावडर आणि मळ साठतो. तुम्ही भिंग पुसता, फडकं कडेपर्यंत जातं, तिथला मळ ओढून मधे आणतं. पुसलं की धूसर, पुन्हा पुसलं की पुन्हा धूसर. ही खाच, नाकावरची पॅडं आणि कानामागची काडीची टोकं, जिथे केसांचं तेल लागतं, दर वेळी साबणाने धुवा. हट्टी मळाला लहान मुलांचा मऊ ब्रश चालेल, फक्त फ्रेमवर. ब्रश भिंगाला लागला तर मी जबाबदार नाही.

पाण्याने साबण पूर्ण काढा, दोनदा झटका, आणि फडक्याने घासण्याऐवजी टिपा. टिपताना जे भिंग पुसताय त्याचीच कड धरा. डावी काडी धरून उजवं भिंग पुसलं की नाकावरचा पूल रोज थोडा-थोडा पिळला जातो आणि सहा महिन्यांनी चष्मा तिरका बसतो.

आतल्या बाजूलाच डाग येत असतील तर

फक्त आतून आणि वरच्या भागात कमानीसारख्या रेघा उठत असतील, तर पापण्या भिंगाला टेकताहेत. काजळ किंवा मस्कारा लावणाऱ्यांना हे लगेच दिसतं, इतरांच्या पापण्यांचंही तेल लागतं. कितीही धुवा, डोळे मिटले की पुन्हा लागणार. नाकावरची पॅडं जरा आत घेऊन भिंग दोन-तीन मिलिमीटर पुढे आणलं की प्रश्न मिटतो. दुकानात पाच मिनिटांचं काम आहे.

उष्णता, म्हणजे न बरा होणारा आजार

ऐरोलीला आयटीत काम करणारा एक मुलगा मागच्या मे महिन्यात आला. नंबरचा गॉगल, नवा कोरा, चार महिन्यांचा. "दादा, आतून भिंग फुटल्यासारखं दिसतंय, पण हाताला काहीच लागत नाही." ट्यूबखाली धरलं तर पूर्ण जाळं. गाडी उघड्या पार्किंगमध्ये, काच बंद आणि गॉगल डॅशबोर्डवर. दिवसभर, आणि रोज.

उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड सहज ६०-७० अंशांवर जातो. उष्णतेने भिंगाचं प्लॅस्टिक फुगतं, पण वरचे ऑक्साइडचे थर जवळजवळ काचेच्या जातीचे, त्यांना तेवढं ताणता येत नाही. थरांची सगळी मिळून जाडी केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी. खालचं ताणलं गेलं की वरचं तडकतं. ताज्या वड्या थापलेलं ताट वाकवून बघा, तसंच. एकदा तडकलं की त्यावर पॉलिश नाही, औषध नाही, भिंग बदलायचं.

डॅशबोर्ड हा मोठा गुन्हेगार, पण एकटा नाही. गिझरचं कढत पाणी, हेअर ड्रायर, जिममधली स्टीम रूम आणि ओव्हनचं दार उघडून आत डोकावणं, हे सगळे त्याच टोळीतले. स्वयंपाकघरात आणखी एक घोळ होतो. फोडणीच्या धुरातून तेलाचे बारीक कण उडून भिंगावर बसतात आणि कोरडं पुसलं की पसरतात. तळण करून झालं की चष्मा धुवायचाच, पुसून भागत नाही.

बाटल्यांमधली संकटं

काचेचं टेबल पुसायचा स्प्रे बऱ्याचदा अमोनियाचा असतो आणि तो कोटिंगला झिजवतो. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल तर भरपूर असतंच, वर हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात, त्यांचा चिकट पापुद्रा भिंगावर राहतो. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकचं भिंग तडकवतं आणि अ‍ॅसिटेटची प्लॅस्टिकसारखी फ्रेम अक्षरशः विरघळवतं. ओरखड्यांवर टूथपेस्ट घासायचे व्हिडिओ फिरतात. टूथपेस्टमध्ये दात घासायची पूड असते. एक ओरखडा घालवायला गेलात तर हजार नवे येतील आणि अँटी-ग्लेअर जाईल ते वेगळंच. वर्तमानपत्र आणि टिश्यू लाकडाच्या तंतूंचे, तेही नकोत.

येऊरला किंवा उपवनला सकाळी फिरायला जाणाऱ्यांनो, डास पळवायचं लोशन लावलेल्या हातांनी गॉगल उचलू नका. त्यात डीट नावाचं डास पळवणारं रसायन असेल तर ते प्लॅस्टिक मऊ करतं. एका गृहस्थांच्या फ्रेमवर त्यांच्याच अंगठ्याचा ठसा कायमचा उमटलेला मी पाहिला आहे. सनस्क्रीनही जपून. परफ्यूम आणि हेअर स्प्रे मारून झाल्यावरच चष्मा चढवावा.

गॉगलवाल्यांसाठी थोडं

पोलराइज्ड, म्हणजे चकाकी अडवणाऱ्या, गॉगलच्या भिंगात दोन थरांच्या मधे एक पातळ फिल्म असते. तो पाण्यात बुडवून ठेवू नका. कडेने पाणी शिरलं किंवा उष्णता लागली की थर सुटतात आणि कडेला बुडबुडे किंवा पापुद्रे दिसतात. धुणं एका मिनिटात उरका.

पोलराइज्ड घालून गाडीच्या मागच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी दिसते, काही मोबाइल आडवे केले की स्क्रीन काळा पडतो. "भिंग खराब निघालं" म्हणून लोक परत आणतात. ते भिंग आपलं काम चोख करतंय. टफन केलेल्या काचेतले ताण आणि स्क्रीनमधला पोलराइज्ड प्रकाश त्यातून उघडे पडतात, इतकंच.

आरसा-कोटिंगच्या गॉगलला बाहेरून कोरडं फडकं कधीच लावू नका, तो थर सगळ्यात बाहेर असतो. उरण किंवा अलिबागच्या किनाऱ्यावरून आलात तर आधी गोड्या पाण्याने खारटपणा आणि रेती घालवा, पुसायचं नंतर.

कुणी कुणी वडिलांचा जुना रे-बॅन घेऊन येतात, खऱ्या काचेच्या भिंगांचा. तो हातात घेतला की वजनावरूनच कळतं. काचेवर ओरखडे कमी पडतात, तळपत्या डॅशबोर्डचंही तिला फारसं काही वाटत नाही. पण पडली की खेळ खल्लास.

उरलेलं भराभर

नाकाच्या पॅडाखाली हिरवी चिकट पूड जमते. धातूच्या बऱ्याच फ्रेममध्ये तांबं असतं, घामाशी त्याची प्रक्रिया होऊन ती बनते. साबण आणि मऊ ब्रशने जाते. पिवळी पडलेली पॅडं मात्र बदलून घ्या, किरकोळ खर्च आहे.

एसी लोकलमधून ठाण्याला उतरल्यावर चष्म्यावर वाफ धरते. भिंग गार आणि बाहेरची हवा दमट, म्हणून. मिनिटभर थांबा, आपोआप जाते. तिथेच शर्टाने पुसलंत तर प्लॅटफॉर्मची धूळही सोबत पुसाल.

अ‍ॅसिटेटची फ्रेम घामाने पांढुरकी पडली असेल तर घाबरू नका, भिंगं काढून बफावर, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर, पॉलिश करता येते. घरी खोबरेल चोळून ती दोन दिवस काळी दिसेल, मग तेच तेल भिंगावर उतरेल.

दुकानातल्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये खाचेतला मळ झकास निघतो. पण कोटिंग आधीच तडकलेलं असेल तर त्याचे पोपडे निघू शकतात, म्हणून टाकण्याआधी भिंग दिव्याखाली बघायला सांगा. तुम्हाला जाळं दिसलं असेल तर आधी बिल शोधा. बऱ्याच कोटिंगवर ठरावीक मुदतीची वॉरंटी असते, आणि लोक ती संपल्यावर दोन आठवड्यांनी येतात.

आणि दुकानात येताना चष्म्याबरोबर घरचं फडकंही आणा. मी चष्म्याआधी ते बघतो.